लोणारचा खार आणि पोटाची तक्रार

मनुष्याचें पोट हें मोठें बोलकें इंद्रिय आहे. डोळा अधू होत चालला तरी वर्ष वर्ष कळत नाहीं. दांत किडला तरी तो ठणकूं लागेपर्यंत आपण स्वस्थ असतों. परंतु पोटाचें तसें नाहीं. त्याच्यावर जरासा अन्याय झाला कीं तें लागलीच कुरकुर करूं लागतें. छातींत जळजळ होते, आंबट पाणी तोंडाशीं येतें, पोटास तडस लागते, अन्न पाहून मळमळतें. या साऱ्या तक्रारींस आपल्याकडे अजीर्ण, अपचन, पित्त व अलीकडे गॅस अशीं नांवें आहेत. आणि नांव कोणतेंही असो, त्यावर घरोघरीं योजिला जाणारा उपाय बहुतेक एकच असतो. फडताळांतला खाण्याचा सोडा चमचाभर घेऊन पाण्यांत कालवावा, किंवा दुकानांतली फसफसणारी पुडी पेल्यांत सोडावी, आणि तें पाणी घटाघटा पिऊन टाकावें. दोन मिनिटांत मोठा ढेकर येतो. ढेकर आला कीं घरांतील वडील मंडळी समाधानानें म्हणतात, "चला, मोकळें झालें!"

आमच्या मतें येथेंच घोटाळा आहे. ढेकर म्हणजे पचन नव्हे, आणि तक्रार थांबली म्हणजे दुखणें गेलें असेंही नव्हे. ही एकच गोष्ट प्रस्तुत लेखांत आम्हांस सांगावयाची आहे. आम्ही वैद्य नव्हों, डॉक्टरही नव्हों. तेव्हां हा अधिकार तुम्हांस कोणीं दिला, असें कोणी विचारील. त्यावर आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या बुलढाणा जिल्ह्यांत निसर्गानें खाराचें एवढें मोठें सरोवर घालून दिलें आहे, तेथील रहिवाश्यांनीं तरी खाराचे गुण व अवगुण नीट समजून घ्यावे. आणि जें शास्त्र आज शाळेंतल्या पुस्तकांत आहे तें घरांतल्या फडताळापर्यंत पोंचविणें हें शिकणारांचें व शिकविणारांचें दोघांचेंही काम आहे.

तें सरोवर म्हणजे अर्थातच लोणारचें. आकाशांतून आलेल्या अशनीच्या आघातानें तेथील काळ्या बसाल्ट खडकांत हें विवर पडलें. काठापासून काठापर्यंत त्याची रुंदी सुमारें १.८ किलोमीटर भरते. इ. स. १८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. परंतु त्याच्याही पुष्कळ आधीं, अकबर बादशहाच्या काळीं, अबुल फजलानें आपल्या 'आइन-ए-अकबरी' ग्रंथांत या ठिकाणीं कांच व साबण करण्यास लागणारीं द्रव्यें सांपडतात असें नमूद करून ठेविलें आहे. लोककथेनें त्याहून मौजेची उपपत्ति लाविली. येथें जमिनीखालीं लवणासुर नांवाचा दैत्य दडून राहत असे व विष्णूनें दैत्यसूदन होऊन त्याचा वध केला, अशी ती कथा. दैत्यसूदनाचें सुंदर कोरीव मंदिर गांवांत आजही उभें आहे. दैत्याच्या नांवांत मीठ आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

या सरोवराचें पाणी खारें कां झालें, याचें कारण अगदीं साधें आहे. काठावरची धार गोड्या पाण्याची आहे. लोक तेथें स्नान करितात. पावसाचें पाणीही गोडच. परंतु विवरांत उतरलेल्या पाण्यास बाहेर पडावयास वाट नाहीं. सूर्य पाणी उचलून नेतो आणि खडकांतून विरघळून आलेले क्षार मागें ठेवितो. हजारों वर्षें हा व्यवहार चालला व गोड्याचें खारें झालें. पूर्वी उन्हाळ्यांत पाणी हटलें म्हणजे काठावर पांढरा खार जमे. तो गोळा करून साबण, कांच, पापड वगैरेंसाठीं विकला जाई. दल्ला, खुप्पल, पापडी अशीं त्याच्या निरनिराळ्या प्रतींचीं नांवें होतीं. तो उद्योग आतां इतिहासजमा झाला. सरोवर अभयारण्य झालें असून इ. स. २०२० मध्यें रामसर करारान्वयें जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींतही त्याची गणना झाली आहे.

आतां या खाराचा आणि आपल्या पोटाचा संबंध काय? संबंध कुळाचा आहे. लोणारच्या खारांत साध्या मिठाबरोबर सोडियमचे कार्बोनेट व बायकार्बोनेट हे क्षार मुख्य आहेत. धुण्याचा सोडा, पापडखार, खाण्याचा सोडा, आयुर्वेदांतील सज्जीखार हीं सारीं एकाच कुळांतलीं भावंडें. भावंडें असलीं तरी स्वभाव मात्र सारखा नव्हे. धुण्याचा सोडा इतका दाहक असतो कीं तो पोटांत गेला तर घसा व अन्ननलिका भाजून काढील. म्हणून तो व खाण्याचा सोडा एकाच फळीवर, बिनचिठ्ठीच्या डब्यांत कधींही ठेवूं नयेत. खाण्याचा सोडा त्या मानानें सौम्य, आणि औषध म्हणून घरांत शिरला तो हाच.

त्याची क्रिया पाहूं. आपल्या जठरांत जो रस पाझरतो त्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें, हें विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यानें इ. स. १८२४ मध्यें दाखविलें. पुढें इ. स. १८३६ मध्यें श्वान या जर्मन शास्त्रज्ञानें त्याच रसांत पेप्सिन नांवाचें पाचक द्रव्य शोधून काढिलें. हें पेप्सिन आम्लांतच काम करितें. आम्ल नसेल तर तें आळशी नोकराप्रमाणें नुसतें बसून राहतें. आतां या आम्लांत आपण सोडा ओतला म्हणजे काय होतें? आम्ल व क्षार एकमेकांस मारितात. त्यांतून मीठ, पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड वायु उत्पन्न होतो. आम्ल कमी झालें म्हणून जळजळ थांबते. वायु झाला म्हणून ढेकर येतो. तात्पर्य, ज्या ढेकरास आपण पचनाची पावती समजतों तो जेवणाचा नव्हे, सोड्याचाच ढेकर होय. अन्न होतें तेथेंच आहे. उलट तें पचविणारें आम्लच आपण कांहीं वेळ निकामी केलें आहे.

खाराची निंदा करावी हा आमचा हेतु नव्हे. सणावारीं जेवण जड झालें, रात्रीं छातींत जळजळ सुटली, अशा प्रसंगीं निरोगी मोठ्या माणसानें एखादे वेळीं चिमूटभर सोडा पुष्कळशा पाण्यांतून घेतला तर त्यांत मोठेंसें पाप नाहीं. परंतु एखादे वेळचा पाहुणा रोजचा कुटुंबीय झाला म्हणजे कशी अवस्था होते, तें सर्वांस ठाऊक आहे. रोजच्या सोड्याचे तीन दोष आम्हांस दिसतात.

पहिला दोष मिठाचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, मोठ्या माणसाच्या आहारांत दिवसाकांठीं सोडियम २ ग्रॅमपेक्षां, म्हणजेच मीठ ५ ग्रॅमपेक्षां कमी असावें. खाण्याच्या सोड्याचा एक सपाट चमचा सुमारें ५ ग्रॅम भरतो व त्यांत सोडियम सव्वा ग्रॅमच्या घरांत असतें. म्हणजे एका चमच्यानेंच दिवसाचा निम्म्याहून अधिक वांटा संपला! त्यावर भाजीचें मीठ, लोणच्याचें मीठ, ठेच्याचें मीठ, पापडाचा खार. ज्याला रक्तदाब आहे, ज्याचें हृदय किंवा मूत्रपिंड दुबळें आहे, त्यास हें ओझें पेलत नाहीं.

येथें आपल्या जिल्ह्याची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. घाटाखालीं, पूर्णा नदीच्या खोऱ्यांत, शेगांव, नांदुरा, जळगांव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतून जो खारपाणपट्टा गेला आहे, तेथील पुष्कळ गांवांत जमिनीखालचें पाणीच खारें आहे. विहीर खणा, विंधनविहीर घ्या, मीठच वर येतें. मूत्रपिंडाच्या विकारांची चिंता त्या भागांत वर्षानुवर्षें व्यक्त होत आली आहे. ज्या माणसाच्या तांब्यांतच खार आहे त्यानें औषध म्हणून पुन्हां खारच घ्यावा, ही किती विपरीत गोष्ट! मूत्रपिंडाच्या रोग्यास डॉक्टर कधीं कधीं स्वतः सोडा देतात, हें खरें; परंतु ते रक्त तपासून, माप ठरवून देतात. त्यांच्या मापाचा आधार घेऊन आपल्या मुठीचें माप चालविणें शहाणपणाचें नव्हे.

दुसरा दोष संवयीचा. सोड्याचा परिणाम थोडा वेळ टिकतो. आम्ल पुन्हां पाझरतें, जळजळ पुन्हां येते, पुन्हां पुडी. मग पुडी हाताशीं आहे या भरंवशावर मनुष्य जेवणांतला संयमच सोडून देतो. पंगतींत रोडगे व वांग्याची भाजी आकंठ झोडावी, शेगांवच्या स्थानकावर उतरल्याबरोबर कचोऱ्यांवर ताव मारावा, आणि वर म्हणावें, "पुडी आहे कीं खिशांत!" "अति खाणें, मसणांत जाणें" ही आपल्या पूर्वजांची म्हण कठोर असेल, पण तिला पुडीची पळवाट ठाऊक नव्हती हा तिचा गुणच म्हणावयाचा.

तिसरा दोष सर्वांत मोठा, व त्यासाठींच आम्हीं लेखणी उचलली. सोडा तक्रार मिटवितो, आणि तक्रार मिटली कीं चौकशी थांबते. रखवालदारानें आरोळी द्यावी व घरमालकानें चोर न शोधतां रखवालदाराचेंच तोंड दाबावें, तशांतला हा प्रकार. पोटाच्या आरोळीमागें कोणकोणते चोर असूं शकतात, त्यांतले चार येथें सांगतों.

एक चोर आपण स्वतःच पैसे देऊन घरांत आणितों. तो म्हणजे अंगदुखीची गोळी. निंदणी-खुरपणीनें पाठ धरते, सोंगणीनें खांदे भरून येतात, कापूस वेंचून कंबर मोडते. मग मजूर माणूस दुकानांतून एक गोळी घेतो व उपाशीं पोटींच चहाबरोबर गिळतो. या जातीच्या पुष्कळशा गोळ्या जठराच्या आंतील अस्तराचें रक्षण करणारी शक्ति कमी करितात, व तेथें व्रण पडूं शकतो. पोट जळूं लागलें कीं सोडा. सोड्यानें बरें वाटलें कीं पुन्हां गोळी. अशा रीतीनें एक औषध जखम करितें व दुसरें ती झांकून ठेवितें. याच गोळ्या रोज घेतल्यास मूत्रपिंडासही अपाय करितात, म्हणून खारपाणपट्ट्यांतील लोकांनीं त्यांपासून दुप्पट सावध राहावें.

दुसरा चोर डोळ्यांस न दिसणारा आहे. जठरांतील व्रण तिखटानें व काळजीनें होतो, असें पुष्कळ काळ समजत असत. ऑस्ट्रेलियांतील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन या दोघां डॉक्टरांनीं दाखविलें कीं, पुष्कळशा व्रणांचें मूळ हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाच्या जंतूंत आहे. आम्लानें भरलेल्या जठरांत जंतु जगेल हें कोणास पटेना. तेव्हां मार्शल यांनीं इ. स. १९८४ मध्यें ते जंतु स्वतः पिऊन आपलें पोट बिघडवून घेतलें! इ. स. २००५ चें नोबेल पारितोषिक या दोघांस मिळालें. आमच्या तिखटाच्या ठेच्यावरचा आरोप यामुळें पुरता पुसला गेला असें नव्हे, कारण तिखटानें जळजळ वाढते. परंतु व्रण मुळांतून बरा करावयाचा तर ठेचा सोडून भागत नाहीं, सोडा घेऊन तर नाहींच नाहीं. डॉक्टरानें ठरविलेलीं जंतुनाशक औषधें ठरल्या दिवसांपर्यंत घ्यावीं लागतात.

तिसरा चोर पाण्यांतून, मातींतून व न धुतलेल्या हातांतून येतो. मुलांचें पोट वारंवार दुखतें, भूक लागत नाहीं, चेहरा फिकट पडतो. आई म्हणते अपचन झालें आणि ओव्याचा अर्क पाजते. पुष्कळदां तेथें जंत असतात. राष्ट्रीय जंतनाशक दिनीं, म्हणजे १० फेब्रुवारीस, १ ते १९ वर्षें वयाच्या मुलांस शाळांतून व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी फुकट दिली जाते. "गोळीनें मळमळतें" म्हणून त्या दिवशीं मुलास घरीं ठेवून घेणारे पालक असतात. त्यांनीं या गोष्टीचा शांतपणें विचार करावा अशी आमची विनंति आहे.

चौथा चोर प्राणघातक आहे. छातीच्या मधोमध दडपण, पोटाच्या वरच्या भागांत कळ, मळमळ, दरदरून घाम, डाव्या हातांत किंवा जबड्यांत चमक, ही पुष्कळदां हृदयविकाराच्या झटक्याची खूण असते. मधुमेह असलेल्यांत, वृद्धांत व स्त्रियांत तर कधीं कधीं नुसती अस्वस्थता व मळमळच जाणवते. रात्रीं दोन वाजतां वडील उठून बसतात, "गॅस झाला आहे, सोडा दे," म्हणतात. ढेकर येतो, सर्वांस धीर वाटतो, आणि सकाळीं पाहूं म्हणून घर निजतें. ज्या घटकेंत रोग्यास रुग्णालयांत पोंचवावयाचें, ती घटका ढेकराची वाट पाहण्यांत जाते. विद्यार्थ्यांनो, घरांत वडील माणसास असा त्रास झाला तर लहान तोंडीं मोठा घांस घ्यावयास मुळींच लाजूं नका. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावयास लावा. तपासणीअंतीं गॅसच निघाला तर फार तर लोक हंसतील. त्यापेक्षां अधिक कांहीं बिघडणार नाहीं.

याखेरीज गिळतांना अडणें, डांबरासारखा काळा मळ होणें, रक्ताची उलटी होणें, कारणाशिवाय वजन उतरणें, उलट्या न थांबणें, किंवा दोन आठवडे उलटूनही जळजळ न शमणें, यांपैकीं एकही खूण दिसली तर घरगुती उपायांची पोतडी बंद करून डॉक्टराकडे जावें.

मग घरगुती उपाय सारेच टाकाऊ काय? मुळींच नाहीं. आमच्या आजीबाईच्या बटव्यांत असें कांहीं आहे कीं ज्याची थोरवी नवें शास्त्रही मान्य करील. परंतु त्या बटव्यांतली पहिली वस्तु चूर्ण नसून लंघन आहे, याची आठवण आज कोणास राहिलेली नाहीं. पोट जड झालें तर एक वेळ जेवूं नये, कोमट पाणी प्यावें, मग भूक लागल्यावर पातळ पेज किंवा मऊ भात व ताक घ्यावें. हा उपाय फुकट असल्यामुळेंच कदाचित् त्याची किंमत कळत नाहीं. मात्र लहान मुलें, गरोदर स्त्रिया व मधुमेहाचीं औषधें घेणारे यांना लंघन घडवूं नये. ओवा, सुंठ, जिरें, हिंग यांनीं वाताची कळ पुष्कळांस हलकी वाटते. सुंठ, मिरें, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरें, शहाजिरें व हिंग या आठांचें हिंगाष्टक चूर्ण तुपांत कालवून भाताच्या पहिल्या घांसाबरोबर घेण्याची चाल जुनी आहे. तेंही प्रमाणांत घेतलें तर बरेंच. पण अधिक जेवतां यावें म्हणून चूर्ण खाऊन पंगतीस बसणें म्हणजे सोड्याचीच दुसरी आवृत्ति.

वाग्भटानें जेवणाचें माप सांगितलें आहे तें फार सुरेख आहे. पोटाचे चार भाग कल्पावे. दोन अन्नानें भरावे, एक पाण्यानें, आणि चौथा वायूच्या हालचालीस मोकळा ठेवावा. यांत एक अक्षरही औषधाचें नाहीं. अमेरिकेंत इ. स. १८२२ मध्यें अलेक्सी सां-मार्तां नांवाच्या तरुणास बंदुकीची गोळी लागून त्याच्या जठरास कायमचें भोंक राहिलें. बोमाँट नांवाच्या लष्करी डॉक्टरानें त्या खिडकींतून अनेक वर्षें पचनाची क्रिया प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिली व इ. स. १८३३ मध्यें ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. नीट न चावलेलें अन्न पचावयास अधिक वेळ लागतो, आणि रागाच्या भरांत जठराची क्रिया बिघडते, असें त्यास दिसून आलें. सावकाश चावा, शांत चित्तानें जेवा, हें आमच्याकडील वडील मंडळी पाटावर बसतांना सांगत असत. बोमाँटनें तें खिडकींतून पाहिलें, एवढेंच.

मिठाविषयीं आम्हीं इतकें कठोर लिहिलें, तेव्हां न्यायानें त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इ. स. १९७१ मध्यें बांगला देशांतून आलेल्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत पटकीचा कहर झाला. शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें. तेव्हां डॉक्टर दिलीप महालनोबीस यांनीं मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यांत मिसळून तें रोग्यांस तोंडानें पाजविलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० च्या घरांत होतें, तें त्यांच्या देखरेखीखालीं शेंकडा ४ हून खालीं आलें. तीच आज आपल्याकडची जलसंजीवनी होय. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घातलें कीं ती घरीं होते. अजीर्णानें हगवण लागली म्हणजे "पाणी बंद करा" असें सांगणारे अद्यापि भेटतात. त्यांचें ऐकूं नये. पहा, मीठ तेंच, सोडा तोच. परंतु मापानें व कारण ओळखून दिला तर तो प्राण वांचवितो, आणि मुठीनें व कारण न पाहतां घेतला तर रोग झांकतो.

येथें कोणी म्हणेल, "तुमचा उपदेश ठीक आहे, पण सोड्याची पुडी थोड्या पैशांत मिळते, आणि डॉक्टराकडे जावयाचें तर मजुराचा दिवस बुडतो." हा आक्षेप आम्हांस खरा वाटतो व त्याचें उत्तर उपदेशानें देतां येणार नाहीं. दि. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतून तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नाहीं. ती गांवांत सांगावी. परंतु बुडालेली मजुरी कोण भरून देणार? आणि खारपाणपट्ट्यांतील बाईनें गोडें पाणी कोठून आणावें? म्हणूनच आमचें म्हणणें असें कीं, आपल्या जिल्ह्याच्या पोटाचें औषध बरेंचसें औषधाच्या दुकानाबाहेर आहे. नळाला नियमित येणारें गोडें पाणी, स्वच्छ संडास, शेतांत मजुरांस निवांत जेवावयास मिळणारी अर्धी घटका, गांवाजवळ उघडें व डॉक्टर हजर असलेलें आरोग्य केंद्र, हीं खरीं पाचक द्रव्यें होत. तीं मागण्याचा हक्क गांवास आहे, व ग्रामसभेंत तीं मागावयास पुडीइतकाही खर्च येत नाहीं.

शाळेंतील मुलांपुरतें पाहिलें तर उपाय त्यांच्याच हातीं आहेत. कित्येक मुलें सकाळीं केवळ चहावर शाळेंत येतात, मधल्या सुटींत तिखट पाकिटें फोडतात, आणि संध्याकाळीं भुकेल्या पोटीं एकदम भाकरीवर तुटून पडतात. कित्येक मुली शाळेंत संडासाची अडचण म्हणून दिवसभर पाणी पीत नाहींत व मलमूत्राचा वेग दाबून ठेवितात. मग बद्धकोष्ठ व पोटदुखी ठरलेलीच. शाळेंनें स्वच्छ संडास व पाणी द्यावें, पालकांनीं सकाळीं अर्धी कां होईना पण भाकरी द्यावी, आणि मुलांनीं हात धुऊन, बसून, चावून खावें. एवढें झालें तर अर्ध्या तक्रारी आपोआप मावळतील असा आमचा भरंवसा आहे.

शेवटीं विद्यार्थ्यांस एकच काम सांगतों. पुढल्या खेपेस घरांत कोणी सोड्याच्या डब्याकडे हात नेला तर आधीं चार प्रश्न विचारा. काय व किती खाल्लें? कोणती गोळी घेतली? पाणी कोठलें प्यालां? आणि दुखतें नेमकें कोठें व किती दिवसांपासून? वडिलांस प्रश्न विचारतांना स्वर नम्र असावा, हें सांगणें नकोच. चारही उत्तरें साधीं निघालीं तर चिमूटभर सोडा खुशाल द्यावा. त्यांतल्या एकानेंही शंका आली तर डबा परत फळीवर ठेवावा आणि सकाळची वाट न पाहतां त्यांस दवाखान्यांत न्यावें.